फाटकापासून पडवीपर्यंत: किनाऱ्यावरचे काँक्रीट अल्पायुषी का ठरते?

पावसाळा ओसरला की गोव्यात काँक्रीटचा हंगाम सुरू होतो. पंचायती प्रभागांतील पायवाटा हाती घेतात, गटारांवर नवी झाकणे पडतात आणि चारचाकी थेट दारात यावी म्हणून खासगी घरांसमोर, फाटकापासून पडवीपर्यंत, मातीच्या किंवा चिऱ्याच्या जुन्या वाटेवर काँक्रीट ओतले जाते. नारळ फुटतात, छायाचित्रे छापून येतात. दोन-तीन पावसाळे उलटले की याच वाटांवर आडव्यातिडव्या भेगा दिसू लागतात, कडा ढासळतात, कुठे तांबूस डाग उमटतात आणि काही काळाने पोपडे निघून आतली गंजलेली सळी उघडी पडते. मग सगळे खापर खाऱ्या हवेवर फुटते आणि तिथेच चौकशी संपते.

खारी हवा निर्दोष नाही. मात्र तिच्या नावावर जे खपवले जाते त्यातला बराच भाग माणसांच्या हातचा असतो. २०२४ च्या पावसाळ्यात राज्यातील रस्त्यांची दैना झाल्यावर मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी कंत्राटदारांना आणि अभियंत्यांना कारणे दाखवा नोटिसा बजावल्या होत्या. मोठ्या रस्त्यांच्या बाबतीत निदान एवढे तरी होऊ शकते, कारण तेथे दोष दायित्वाचा कालावधी करारात लिहिलेला असतो आणि जाब विचारणारे लोक रोज त्याच रस्त्याने जातात. वाड्यावरच्या पायवाटेला आणि घरासमोरच्या वाटेला असे कोणी वाली नाही. काम लहान म्हणून त्याचे नमुने तपासले जात नाहीत. खासगी असेल तर गवंड्याचा शब्द हाच करार. राज्यातील १९१ पंचायतींच्या हद्दीत अशी किती कामे दरवर्षी होत असतील याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या प्रभागावरून बांधावा. त्यांत जाणारा पैसा करदात्याचा असतो, किंवा परदेशात अथवा जहाजावर राबून घर सावरणाऱ्या कुटुंबाच्या बचतीचा.

मीठ काँक्रीटचे नेमके काय बिघडवते, हे आधी पाहायला हवे. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा तयार होणारे द्रव्य अतिशय अल्कधर्मी असते. या अल्कतेमुळे सळीवर एक अदृश्य संरक्षक थर बसतो आणि तो शाबूत असेपर्यंत लोखंड गंजत नाही. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून ओलाव्याबरोबर आत झिरपत जाते आणि सळीपर्यंत पोचले की हा थर फोडते. त्यानंतर गंज चढू लागतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती मिळवण्यासाठी तो आतून काँक्रीट फोडतो. भेग पडली की आणखी मीठ, आणखी पाणी, आणखी गंज. बाहेरून पाहणाऱ्याला काँक्रीट कुजल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कुजलेले असते लोखंड.

ही साखळी ध्यानात घेतली तर एक गोष्ट आपोआप पुढे येते. ज्या काँक्रीटमध्ये लोखंडच नाही, त्याला या रोगाची बाधा होऊ शकत नाही. भरतीच्या पाण्यात कायम उभे असलेले बांधकाम वेगळे. तेथे समुद्राच्या पाण्यातील सल्फेट आणि मॅग्नेशियमचे क्षार खुद्द सिमेंटलाच छळतात. सच्छिद्र, पाणचट काँक्रीटमध्ये मिठाचे स्फटिक साचून पृष्ठभाग भुरभुरीत होतो, हेही खरे. परंतु कळंगुट, बाणावली किंवा मोरजीतील अंगणात जमिनीवर टेकलेल्या घट्ट, बिनसळीच्या काँक्रीटला खारी हवा फारसे काही करू शकत नाही.

गोव्याला याचा पुरावा बाहेरून आणावा लागत नाही. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लिन्हारिश पूल पोर्तुगीज राजवटीत १६३३-३४ मध्ये बांधला गेला. मांडवीच्या काठाने, खाजनांमधून, भरती-ओहोटीच्या पाण्यात पाय रोवून सुमारे तीन किलोमीटर जाणारे हे चिऱ्याचे बांधकाम आजही वाहतूक वाहते आहे. त्याच मांडवीवर १९७० मध्ये खुला झालेला नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. उणेपुरे सोळा वर्षांचे आयुष्य. काँक्रीट ताणून धरणाऱ्या पोलादी तारा गंजल्या होत्या आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. पणजीकरांच्या आणि बार्देशकरांच्या नशिबी पुन्हा फेरीबोटीची रांग आली. त्या रांगेत उभे राहिलेली पिढी अजून हयात आहे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या झुआरी पुलालाही पुढे गंजानेच ग्रासले, अवजड वाहनांना बंदी घालावी लागली आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पुलाची पहिली बाजू खुली करून सुटका झाली.

ही तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मान्य करायला हवे. बुटक्या कमानींवर टेकलेला बांध आणि जहाजे खालून जाऊ देणारा उंच पूल यांच्याकडून सारखी अपेक्षा करता येत नाही. उंच पुलाला पोलादाशिवाय गत्यंतर नव्हते. पण घरासमोरच्या वाटेला ते गत्यंतर आहे, आणि नेमके तेच नाकारले जाते.

‘लोखंड घातले म्हणजे मजबुती आली’ हा समज गवंड्यापासून घरमालकापर्यंत सर्वांच्या मनात इतका घट्ट बसला आहे की बिनसळीच्या काँक्रीटचा प्रस्ताव मांडणाऱ्याकडे लोक कंजूष म्हणून पाहतात. छताच्या स्लॅबला खालून आधार नसतो, म्हणून तेथे सळी हवी. जमिनीवरच्या स्लॅबला तळाशी सर्वत्र जमिनीचा आधार असतो. मोटारगाडीचे वजन तो जमिनीवर पसरवून देतो, एवढेच त्याचे काम. भारतीय रस्ते महासभेने कमी वाहतुकीच्या ग्रामीण काँक्रीट रस्त्यांसाठी जी मार्गदर्शिका केली आहे, तिचाही भर सळ्यांवर नाही. ठरावीक अंतरावर सांधे दिलेले साधे काँक्रीट आणि किमान एम-३० दर्जा, हा तिचा पाया. गावातून ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्या नेणारा रस्ता सळ्यांच्या जाळीविना उभा राहू शकतो, तर एका मोटारीची वाट का नाही?

उलट प्रत्यक्षात काय घडते? आठ मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी जमिनीवर पसरतात, काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावरून चालतात आणि ‘वर उचलून घेऊ’ म्हटलेली जाळी तळाशी मातीला चिकटून राहते. तेथे ती भार पेलत नाही, भेग आवळून धरत नाही, फक्त गंजते. वर आली तरी तिच्यावर दोन बोटे काँक्रीटही नसते. पैसे देऊन विकत घेतलेला रोग याहून वेगळा कसा असतो?

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४५६ या संहितेत, २००० सालच्या आवृत्तीपासून, ही बाब आकड्यांत नोंदवलेली आहे. संहिता परिसराचे पाच वर्ग करते: सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र आणि टोकाचा. हे वर्ग कशासाठी, ते समजण्यासाठी समुद्रापासून दूरचे एखादे गाव डोळ्यांसमोर आणावे. गोदावरी महाराष्ट्रातून तेलंगणात शिरते त्या भागातील बासर हे सरस्वतीचे क्षेत्र मराठी भाविकांना परिचित आहे. मुलांचा अक्षरारंभ तेथे करण्याची प्रथा आहे. तेथील गवंड्याचे वैरी दोन: ताज्या काँक्रीटमधले पाणी शोषून घेणारे ऊन आणि पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन. वाऱ्यातले मीठ त्याच्या गणितात येतच नाही. त्याने सळीवर थोडे कमी काँक्रीट ठेवले, तरी ती चूक पुष्कळ वर्षे झाकली जाईल. तोच गवंडी तीच सवय घेऊन कांदोळीला आला, तर तीच चूक काही पावसाळ्यांत उघडी पडेल. गोव्यातील बांधकामांवर काम करणारे बहुसंख्य हात देशाच्या अंतर्भागातून आलेले आहेत. त्यांच्या कौशल्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांना किनाऱ्याची रीत कोणी शिकवलेली नसते, एवढेच.

किनारी हवेला उघडे असलेले काँक्रीट संहितेच्या ‘तीव्र’ वर्गात मोडते आणि जेथे लाटांचे तुषार थेट पोचतात तेथे ‘अतितीव्र’ वर्ग लागू होतो. आता त्या तक्त्यातील दोन रकाने शेजारी ठेवून पाहावेत. तीव्र वर्गात साध्या काँक्रीटसाठी किमान एम-२० दर्जा आणि घनमीटरला २५० किलो सिमेंट पुरते; सळीच्या काँक्रीटसाठी मात्र एम-३० आणि ३२० किलो लागते, शिवाय सळीभोवती ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण. म्हणजे सळी घातली की जबाबदारी वाढते, कमी होत नाही. बाजारात सर्रास चालणारे एकास दोन, चार हे मिश्रण जेमतेम एम-१५ दर्जाचे. ते किनाऱ्यावर साध्या काँक्रीटलाही अपुरे आहे, आणि आपल्याकडे त्याच मिश्रणात सळ्या पुरल्या जातात. शिवाय तक्त्यातला एम-२० हा केवळ टिकण्याचा किमान दर्जा आहे. चाकांची झीज सोसायची असेल तर रस्ते महासभेचा एम-३० हाच आकडा धरावा.

सिमेंटइतकेच महत्त्वाचे पाणी. तीव्र वर्गातील साध्या काँक्रीटसाठी संहितेने पाण्याचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या निम्म्यावर रोखले आहे. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला २५ लिटर, त्याहून थेंबही जास्त नाही. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला याहूनही कमी पाणी लागते. उरलेले मिश्रण हाताळण्याच्या सोयीसाठी असते. जादा ओतलेले पाणी पुढे उडून जाते आणि मागे छिद्रांचे जाळे ठेवते. मीठ आणि पाऊस याच वाटेने आत शिरतात. कामावर नजर ठेवणाऱ्याने एक हिशोब पाठ करावा. एका पोत्यामागे शंभर किलोच्या आसपास ओली रेती पडली आणि तिच्यात पाच टक्के ओल असली, तर पाच लिटर पाणी बादली उचलण्याआधीच मिश्रणात आलेले असते. उरले वीस. प्रत्यक्षात मिश्रण घट्ट वाटले की मजूर आणखी अर्धी बादली रिकामी करतो, काँक्रीट आमटीसारखे वाहू लागते, पसरायला सोपे जाते आणि मालकही ‘छान सपाट झाले’ म्हणून समाधानी होतो. काम सोपे करायचे तर त्यासाठी पाण्याचे प्रमाण न वाढवता मिश्रण पातळ करणारी द्रव्ये बाजारात मिळतात. मोठ्या कामांवर ती नेहमीची आहेत, वाड्यावर कोणी विचारत नाही.

रेतीचा प्रश्न गोव्यात निव्वळ तांत्रिक राहिलेला नाही. बेकायदा रेतीउपशाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे वारंवार गेले आहे आणि कायदेशीर रेतीची टंचाई घरे बांधणारा प्रत्येकजण अनुभवतो. टंचाईत माल कुठून आला हे विचारण्याची सोय नसते. मांडवी आणि झुआरी या नद्यांत भरतीचा प्रभाव मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो आणि पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत, नदीचा स्वतःचा प्रवाह क्षीण झालेला असताना, खारे पाणी सर्वांत आत सरकते. अशा दिवसांत खाडीच्या पट्ट्यातून रात्रीच्या अंधारात उपसलेली रेती मीठ घेऊनच घरापर्यंत येते. तिला गोड्या पाण्याने धुऊन घेणे हा उपाय सोपा आहे. पण रेती बेकायदा असेल तर ती धुतली की नाही हे कोणाला विचारणार? दगड भरडून केलेली कृत्रिम रेती या बाबतीत निर्धोक असते.

मिश्रणाच्या पाण्याचेही तेच. संहिता सळीच्या काँक्रीटसाठी एका लिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅम क्लोराइडची मर्यादा घालते, साध्या काँक्रीटसाठी २,०००. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असते. मे महिन्यात मचूळ झालेल्या किनारी विहिरीचे पाणी सळीच्या कामाला वापरणे म्हणजे रोगाचे बीज स्वतःच्या हाताने पेरणे. येथेही साध्या काँक्रीटला चौपट सवलत आहे, हे नजरेआड करू नये.

बिनसळीच्या वाटेला मात्र काही पथ्ये कडक पाळावी लागतात, आणि ती पाळली नाहीत तर सळीवाल्यांचेच म्हणणे खरे ठरल्यासारखे दिसेल. पहिले पथ्य पायाचे. वरची भुसभुशीत माती काढून, खडी-मुरुमाचा थर पाणी मारत रोलरने दाबून घ्यायला हवा. खाजनाच्या किंवा भराव टाकलेल्या शेतजमिनीच्या काठावर हे काम अधिकच दक्षतेने व्हावे, कारण तेथे जमीन वर्षानुवर्षे बसत राहते. स्लॅब किमान पाच-सहा इंच जाड असावा. दुसरे पथ्य सांध्यांचे. काँक्रीट सुकताना आकसते आणि आकसले की तडकते; तडकायचे कुठे हे आपण ठरवले नाही तर ते स्वतः ठरवते. म्हणून दर तीन मीटरच्या आसपास, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत, सरळ चीर द्यायची. यंत्राने कापायची असेल तर काँक्रीट ओतल्यानंतर साधारण पहिल्या दिवसातच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कटर घेऊन येणारा कंत्राटदार पडलेल्या भेगांच्या शेजारी शोभेच्या रेघा मारतो. गोव्यातील पायवाटांवरच्या बहुतेक आडव्या भेगा खाऱ्या हवेच्या नसून न दिलेल्या सांध्यांच्या आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

उताराबद्दल थोडक्यात एवढेच, की तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात वाटेवर पाणी साचता कामा नये आणि ते शेजाऱ्याच्या कुंपणातही जाता कामा नये.

तिसरे पथ्य पाणी मारण्याचे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस आणि कोरड्या उन्हात त्याहून अधिक काळ काँक्रीट सतत ओले राहिले पाहिजे. किनाऱ्यावर स्लॅगचे किंवा फ्लाय अॅशचे सिमेंट वापरणे हिताचे आहे, कारण त्याची छिद्रे अधिक बारीक असतात आणि क्लोराइडची वाट अडते. परंतु हेच सिमेंट ओलाव्याच्या बाबतीत जास्त हट्टी असते. दोन दिवस सकाळी पाइप धरून सोडून दिले तर त्याचा गुण दिसायच्या आतच पृष्ठभागाची धूळ होते. ओली गोणपाटे पसरणे हा जुना उपाय अजूनही उत्तम आहे.

या सगळ्या वाटेत सळी टाळता येणार नाही अशी एकच जागा उरते: फाटकासमोरचे गटार. गटारावरून गाडी न्यायची तर तो स्लॅब दोन भिंतींवर अधांतरी टेकलेला असतो आणि त्याला लोखंड लागतेच. गोव्यातील घरासमोरची वाट सर्वांत आधी येथेच मोडते, याचे कारण उघड आहे. स्लॅबची खालची बाजू वर्षभर दमट, मळक्या हवेत असते. सळ्यांखाली ठेवायचे ठोकळे न वापरता खडीचे तुकडे सरकवले जातात, ते काँक्रीट ओतताना निसटतात आणि सळी तळाला जाऊन बसते. गंज खालून चढतो, वरून काहीच दिसत नाही. एखाद्या दिवशी गॅस सिलिंडरचा किंवा पाण्याचा टँकर वळताना चाक आत जाते तेव्हा कळते. त्यामुळे खर्चात काटकसर करायचीच असेल तर उरलेल्या सगळ्या वाटेवरची सळी वाचवून तो पैसा या दीड-दोन मीटरवर लावावा: एम-३० काँक्रीट, खालून पूर्ण ४५ मिलिमीटरचे आवरण, सिमेंटचेच ठोकळे आणि परवडल्यास जस्ताचा किंवा इपॉक्सीचा मुलामा दिलेल्या सळ्या. काचतंतूंच्या न गंजणाऱ्या सळ्याही आता देशात मिळू लागल्या आहेत, पण त्यांचे गणित वेगळे असल्याने अभियंत्याला विचारल्याशिवाय लोखंडाच्या जागी त्या बसवू नयेत.

सबंध अंगणावर काँक्रीट अंथरण्याची जी हौस वाढली आहे, तिचा हिशोब विहिरीला द्यावा लागतो. जांभ्याच्या जमिनीत मुरणारे पाणी अडवून ते रस्त्यावर सोडायचे आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहायची, ही व्यवहारबुद्धी म्हणता येत नाही. चाकांपुरत्या दोन पट्ट्या काँक्रीटच्या आणि मध्ये गवत किंवा चिरे, अशी वाट कमी काँक्रीटमध्ये होते, पाणी मुरू देते आणि भेगाही कमी पडतात, कारण पट्टी अरुंद असते. जुन्या घरांच्या चिरेबंदी पाखाड्या पाहिलेल्या डोळ्यांना ती परकीही वाटणार नाही.

सरकारी बाजूने करण्यासारखे जे आहे त्याला नवा कायदा लागत नाही. पायवाट आणि गटाराच्या झाकणांच्या निविदांमध्ये काँक्रीटचा दर्जा, पाण्याचे प्रमाण, सांध्यांचे अंतर आणि आवरणाची जाडी मराठीत किंवा कोकणीत, पंचाला वाचता येईल अशा भाषेत लिहिता येते. दर कामामागे काही ठोकळे काढून फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी तपासून घेता येतील. बिलातील काही रक्कम दहा दिवसांच्या ओलाव्याशी आणि पहिल्या पावसाळ्यानंतरच्या पाहणीशी जोडता येईल. सर्वांत अवघड आहे ते वेळापत्रक बदलणे. निधी ३१ मार्चपूर्वी खर्ची दाखवायचा म्हणून कामांचे आदेश वर्षाच्या अखेरीस निघतात आणि काँक्रीट पडते एप्रिल-मेमध्ये. ऊन तेव्हा टोकाला असते, नदीतले खारे पाणी सर्वांत आत आलेले असते आणि नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या वाड्यावर ताज्या काँक्रीटला दहा दिवस पाणी पाजायला कोणी तयार नसते. तेच काम नोव्हेंबरात झाले तर विहिरी भरलेल्या, रेती पावसाने धुतलेली आणि ऊन बेताचे असते.